खुल्या चॅनलवरचा सार्जंट

ओमानमधल्या दुक्म बंदराच्या आमच्या रेडिओ रूममध्ये मान हलवायला बंदी होती. सिगारेटलाही होतीच, पण सिगारेट पेटवणाऱ्याला सार्जंट नुसती बाहेरची वाट दाखवून सोडून देई; मान हलवणाऱ्याची मात्र खैर नसे. आपण भारतीय माणसं 'हो' म्हणायला मान हलवतो, 'नाही' म्हणायलाही हलवतो, आणि 'बघू, जमलं तर' यासाठी तर अशी डोलावतो की ब्रह्मदेवालाही अर्थ लागू नये. मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, तीन नंबरचा सेट आजच्या आज दुरुस्त होईल का. मी मान डोलावली. तो खुर्ची फिरवून माझ्या पुढ्यात आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, समुद्रात थांबलेल्या जहाजाला तुमची मान दिसत नाही. तोंडाने सांगा."

गंमत अशी की हा गृहस्थ स्वतः 'हो' असं तोंडाने कधी म्हणायचाच नाही. फिलिपिनो माणूस होकार द्यायचा असला की नुसत्या भुवया वर उचलतो, आणि एखादी वस्तू कुठे आहे हे दाखवायला बोटाऐवजी ओठ पुढे काढतो. मी पकड मागितली की हा ओठांचा चंबू करून कपाटाकडे तोंड करायचा. पहिला आठवडाभर मला कळेना की याच्याकडे बघावं की दुसरीकडे. शेवटी एकदा मी विचारलं, "सार्जंट, जहाजाला तुमच्या भुवया दिसतात का?" त्याने भुवया उचलल्या आणि हेडफोन कानाला लावला.

तो फिलिपाइन्सच्या सैन्यात सिग्नलचं काम करायचा. सार्जंट म्हणून निवृत्त झाला आणि पोटापाण्यासाठी आखातात आला, तो आमच्या बंदराचा मुख्य रेडिओ ऑपरेटर होऊन बसला. बुटका, गोल पोटाचा, केस काळेभोर रंगवलेले आणि शर्टाची इस्त्री अशी कडक की हात वाकवला तर मोडेल. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या कप्तानापासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळे त्याला सार्जंटच म्हणत. मी अकोल्याचा, रेडिओ, अँटेना, रडार सांभाळणारा इंजिनिअर. बायको आणि मुलगी मस्कतजवळ अल हैलला. मुलीची शाळा तिथे, बायकोची नोकरी तिथे, आणि मी इकडे वाळवंट नि समुद्र यांच्या मधल्या वाऱ्यात. एक आड एक गुरुवारी गाडी काढायची आणि पाच-सहा तास सरळ रस्त्याकडे बघत घरी जायचं. बाकीचे दिवस कॅम्पमधल्या केबिनमध्ये, सार्जंटच्या शेजारी.

माझ्या केबिनमध्ये भिंतीवर निळ्या कोटातल्या, चष्मा घातलेल्या एका माणसाचा फोटो आहे. आमच्या घरात तो प्रत्येकाच्या खोलीत असतो. सार्जंट पहिल्यांदा आत आला तेव्हा फोटोकडे ओठ करून म्हणाला, "तुझे आजोबा?"

"तसंच समजा."

"काय करायचे?"

"आमच्या देशाची घटना लिहिली."

सार्जंट ताडकन उभा राहिला आणि त्याने फोटोला खाडकन सलाम ठोकला. मग खाली बसून म्हणाला, "आमच्या देशात घटना बऱ्याच वेळा लिहिल्या गेल्या. वाचायला मात्र कुणी आजोबा मिळाला नाही." त्या दिवसापासून माझ्या केबिनमध्ये शिरताना तो आधी फोटोला सलाम करायचा, मग मला 'काय कसं काय' विचारायचा.

राजकारण हे त्याचं दुसरं जेवण. पहिलं अर्थातच भात, तोही तिन्ही त्रिकाळ. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष वेगवेगळे निवडून येतात. म्हणजे एक एका गटाचा नि दुसरा त्याच्या कट्टर वैऱ्याच्या गटाचा असंही होऊ शकतं. हे त्याने मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "मग सरकार चालतं कसं?" तो म्हणाला, "चालत नाही. नाचतं. म्हणून तर निवडणुकीत गाणी लागतात." आणि त्याने गाणी म्हणायला सुरुवात केली. उमेदवारांची प्रचारगीतं. तीस वर्षांमागची, पडलेल्यांची, निवडून आलेल्यांची, नंतर तुरुंगात गेलेल्यांची, सगळी त्याला तोंडपाठ. कॅम्पमध्ये कॅराओकेची रात्र असली की बाकीचे फिलिपिनो विरहाची गाणी म्हणत आणि हा कुण्या सिनेटरपदाच्या उमेदवाराचं गाणं कमरेत लचकत म्हणे. ज्याला शिव्या घालायचा त्याचंही गाणं तितक्याच प्रेमाने म्हणायचा. "माणूस चोर होता," तो सांगे, "पण चाल चांगली होती."

त्यांच्या सिनेटमध्ये कसल्याही गोष्टीची चौकशी लागते आणि सगळा देश ती मालिकेसारखी बघतो. सार्जंटने तीच प्रथा आमच्या मेसमध्ये सुरू केली. कॅम्पमध्ये तक्रार झाली की कंपनीकडे जायच्या आधी ती सिनेटपुढे यायची. सिनेट म्हणजे कोपऱ्यातलं मोठं टेबल, आणि अध्यक्ष म्हणजे हा. सगळ्यांत गाजलेली चौकशी कोंबडीच्या तंगड्यांची. मेसमध्ये आठवड्यातून तीनदा चिकन असायचं, पण ताटात तंगडी म्हणून कुणाला कधी दिसली नव्हती. साक्षीदार म्हणून आचाऱ्याला उभं केलं. आचारी देवगडचा, तापट. त्याच्या मालवणीचं इंग्रजी करायला मी.

"शपथ घ्या," सार्जंट म्हणाला.

आचाऱ्याने डावावर हात ठेवला आणि म्हणाला, "माका कित्याक इचारतास? कोंबडी खोक्यातना येता. तंगड्यांचा काय ता कंपनीक इचारा."

"साक्षीदाराने घाबरू नये," सार्जंट म्हणाला. "ही चौकशी शिक्षेसाठी नाही, कायदा सुधारण्यासाठी आहे." हे वाक्य त्यांच्या सिनेटमधलं खरंखुरं, रोजच्या वापरातलं. आचाऱ्याला मी ते सांगितलं तर तो आणखीच भडकला आणि त्याने अध्यक्षांनाच विचारलं की रविवारी रात्री तुमच्या ताटात काय होतं. सार्जंटने घसा खाकरला आणि चौकशी बेमुदत तहकूब केली. पुढच्या आठवड्यापासून मात्र तंगड्या सगळ्यांच्या ताटात आळीपाळीने यायला लागल्या.

तो हसवायचा, पण कामाच्या बाबतीत मस्करी नाही. "अर्धा निरोप म्हणजे पूर्ण अफवा," हे त्याचं आवडतं वाक्य. जहाजाकडून जे आलं ते शब्द न् शब्द परत बोलून दाखवायचं. खुल्या चॅनलवर खाजगी शब्द काढायचा नाही, कारण तिथे सगळं बंदर ऐकत असतं. हे तो कुठे शिकला तेही एकदा सांगत होता. तो विशीतला शिपाई असताना त्यांच्या छावणीत बंड झालं. अर्धे अधिकारी बंडखोर, अर्धे सरकारी, आणि छावणीत चालू असलेला सेट एकच, याच्या हातातला. सकाळभर दोन्ही बाजूंचे हुकूम त्याच्याच कानातून गेले.

"मग तुम्ही कुणाच्या बाजूने होता?" मी विचारलं.

"मी दोघांचेही निरोप नीट परत बोलून दाखवले," तो म्हणाला. "दुपारी दोघांना कळलं की दोघंही घाबरलेत. मग सगळे जेवायला गेले."

असा हा माणूस, आणि दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचा हा नियम आयुष्यात त्याने एकदाच मोडला, तोही स्वतःच्या मुलीच्या बाबतीत.

मुलगी एकुलती एक आणि नौदलात अधिकारी. बाप सार्जंट, मुलगी लेफ्टनंट. या गोष्टीचा त्याला इतका अभिमान होता की नव्या माणसाला हात मिळवतानाच तो ती सांगून टाकत असे. त्या काळात तो दर शुक्रवारी केबिनच्या टपावर चढून फोनवरून फेसबुकवर थेट बोलायचा. घरच्या राजकारणावर, एक तासभर, वाऱ्यात ओरडून. गावाकडचे आणि आखातातले बरेच फिलिपिनो ऐकायचे. मागच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत तो ज्या सिनेटरच्या बाजूने होता त्याच्याविषयी बोलता बोलता त्याला चेव चढला आणि तो म्हणून गेला, "माझी मुलगी नौदलात आहे, तिचंही हेच मत आहे." तिने असं काही म्हटलंच नव्हतं, उलट घरात ती याच्याशी या माणसावरून कडाकडा भांडायची. पण गणवेशातल्या माणसाने निवडणुकीत बाजू घ्यायची नसते. वरिष्ठांनी तिला बोलावून घेतलं, खुलासा मागितला. प्रकरण मिटलं, नोकरीला धक्का लागला नाही. तिने बापाला फोन करून एवढंच सांगितलं की तुम्ही माझ्या तोंडी शब्द घातलेत. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

त्याने ते शुक्रवारचं प्रसारण त्याच दिवशी बंद केलं, पण तिला काही फरक पडला नाही. तीन वर्षं झाली. दर रविवारी तो तिला फोन लावायचा, पूर्ण रिंग वाजू द्यायचा, आणि मग रेडिओवर उत्तर न देणाऱ्या जहाजासाठी जे म्हणतात तेच म्हणायचा, "काही ऐकू आलं नाही. आऊट." हे तो हसत म्हणायचा. मला मात्र त्या वेळी त्याच्याकडे बघवत नसे. माझी लेक अल हैलहून फोन करायची, निम्मं इंग्रजी, थोडं हिंदी आणि मराठीचे दोन-तीन अडखळते शब्द. मी वैतागून म्हणायचो की हिला धड मराठी येत नाही. सार्जंट म्हणाला, "तुझी तुझ्याशी तीन भाषांत बोलते, सर. तक्रार कसली करतोस?"

आणि एके दिवशी येणाऱ्या जहाजांच्या यादीत फिलिपाइन्सच्या नौदलाचं एक जहाज दिसलं. लांबच्या दौऱ्यावरून परत निघालेलं, इंधन आणि पाणी भरायला दोन दिवस आमच्याकडे थांबणार. सार्जंटने बायकोला फोन केला आणि फोन ठेवून माझ्याकडे वळला. "तीच आहे त्यावर," तो म्हणाला. "संपर्क अधिकारी." म्हणजे बंदराशी बोलणार तीच, आणि इकडून बोलणारा हा.

मी म्हटलं, "त्या दिवशी सुट्टी घ्या. धक्क्यावर जाऊन उभे राहा."

"आणि ती मला बघून आत निघून गेली तर?"

"मग?"

"रेडिओवर तिला उत्तर द्यावंच लागेल," सार्जंट म्हणाला. "नियम आहे." यात कसली खुशी मानायची मला कळेना, पण त्याने मानली होती. आचाऱ्याला गाठून त्याने माशाचं आंबट सार करायचं ठरवलं, ती यायची काही खात्री नसताना. त्याला चिंच हवी होती. आचारी म्हणाला, "चिंच नाय. सोलां आसत, तीच घालतंय." दोघांचं दोन दिवस वाजलं. शेवटी आमसुलं घातली गेली, सार्जंटने चव घेतली आणि भुवया उचलल्या.

सकाळी जहाज बंदराच्या हद्दीत आलं तेव्हा रेडिओ रूममध्ये तो, मी आणि आमचा ओमानी शिफ्ट सुपरवायझर एवढेच होतो. स्पीकरवर एका तरुण बाईचा स्वच्छ, सरळ आवाज आला. बंदराचं नाव, जहाजाचं नाव, सुप्रभात, ओव्हर. सार्जंटचा हात बटणावर होता, पण तो दाबेना. सुपरवायझर म्हणाला, "यल्ला, चल, सार्जंट." मग त्याने बटण दाबलं आणि उत्तर दिलं. आवाज त्याचा नेहमीचाच, कामाचा. तिनेही तो ओळखला असणार. पण ती सार्जंटची मुलगी. मागचं बंदर, जहाज पाण्यात किती खोल बुडतं, माणसं किती, सगळं तिने नेमकं सांगितलं. त्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवलं. कुठल्या धक्क्याला लागायचं ते त्याने सांगितलं. तिने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवलं. मी इतकं सुंदर रेडिओचं काम आजवर ऐकलेलं नाही. आणि काम संपत आलं. आता 'आऊट' म्हटलं की झालं.

त्याने बटण पुन्हा दाबलं. त्यांच्या भाषेत, अगदी हळू आवाजात, त्याने विचारलं, "जेवलीस का?"

फिलिपिनो घरात माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, आपल्याकडे असतो तसाच. ते तीन-चार शब्द मलाही इतक्या वर्षांत कळायला लागले होते. पण हा खुला चॅनल. जहाजांना बंदरात वाट दाखवणारे सगळे पायलट, सगळ्या टगबोटी, नांगरलेली जहाजं, सगळी ऐकत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांवर फिलिपिनो खलाशी. सार्जंटने बटण सोडलं आणि स्पीकरकडे कान लावला.

स्पीकर खरखरला. "निगेटिव्ह," तोच सरळ आवाज म्हणाला, आणि मग तो थोडा कापला. "अजून नाही. ओव्हर."

सार्जंटने तोंडावर हात घेतला. तेवढ्यात एका टगबोटीवरून कुणीतरी म्हणालं, "कंट्रोल, आम्हीही जेवलो नाही. ओव्हर." मग दुसरी टग. मग नांगरावरच्या एका मालवाहू जहाजाचा कुणी फिलिपिनो. दोन मिनिटं सगळं बंदर आपण उपाशी असल्याची नोंद करत होतं. सार्जंट रडत होता आणि हसत होता, आणि मीही.

सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं. "काय विचारलं त्याने?"

"ती जेवली का, असं."

"खलाशांची विचारपूस," तो म्हणाला. "बंदराचं कामच आहे. खलास."

दुपारी ती कॅम्पच्या फाटकावर आली, पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पिशवी. बापासारखीच बुटकी, तशीच ताठ. सार्जंट आधीपासून उभा होता. सार्जंटने लेफ्टनंटला सलाम करायचा असतो, म्हणून त्याने केला. हात कपाळाशी, नजर समोर. तिने उलट सलाम केला नाही. ती पुढे आली, त्याचा तो सलामाचा हात धरून खाली घेतला, आणि वाकून स्वतःच्या कपाळाला लावला. मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायची त्यांची ही रीत. फाटकावरचा पहारेकरी उगाचच नोंदवही चाळायला लागला.

मेसमध्ये बसल्यावर आधी तोच बोलला. "मी तुझं नाव वापरलं," तो म्हणाला. "तुझं मत मी सांगायचं नव्हतं. चूक माझी."

"हो, तुमची," ती म्हणाली. "मी खूप रडले, बाबा. पण फोन वाजत राहायचा ना, तेव्हाही रडायचे." एवढंच. मग दोघं जेवायला बसली. साराची पहिली वाटी संपली तेव्हा आचारी दारातून बघत होता.

दुसऱ्या वाटीनंतर ती पिशवी घेऊन उठली आणि माझ्या केबिनची किल्ली मागून गेली. परत आली ती टी-शर्टमध्ये. गणवेश हँगरला लावून आली होती. खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली, "आता मी अधिकारी म्हणून बोलत नाहीये, मुलगी म्हणून बोलतेय. तो तुमचा सिनेटर खोटारडा आहे."

सार्जंटने चमचा खाली ठेवला. "खोटारडा? धरणं कुणी बांधली?"

"बांधली नाहीत, उद्घाटनं केली."

आवाज चढत गेले आणि इंग्रजी मागे पडलं. ती टेबलावर हात आपटून काहीतरी सांगत होती, तो खुर्चीवरून अर्धा उठून तिच्यावर बोट रोखत होता, आणि दोघंही त्यांच्या भाषेत इतकं भराभर बोलत होती की मला एक शब्द कळेना. आचारी हातातला डाव तसाच घेऊन धावत बाहेर आला.

"काय झाला, साहेबानू? परत बिनासला की काय?"

मी त्या दोघांकडे पाहिलं. सार्जंटचा चेहरा लाल झाला होता, मुलीचाही, आणि एकमेकांचं वाक्य पुरं व्हायची दोघांनाही सवड नव्हती.

"नाही हो," मी म्हटलं. "भात लावा आणखी. ही दोघं आता लवकर उठत नाहीत."